मुकुटाविना राजा : जेम्स स्टुअर्ट यांचे जीवन आणि त्यांची कोरीव चित्रे

छायाचित्रणाचा शोध लागण्यापूर्वी राजाचा चेहरा सामान्य प्रजेपर्यंत दोन मार्गांनी पोहोचत असे. एक मार्ग नाण्याचा आणि दुसरा तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेल्या चित्रांचा. जो राजा सिंहासनावर बसलेलाच नाही, त्याची नाणी बाजारात चालत नाहीत. त्याला उरतो तो केवळ कागद. इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड या तीन राज्यांच्या सिंहासनावर आयुष्यभर हक्क सांगणारे आणि आयुष्यभर परदेशात राहिलेले जेम्स फ्रान्सिस एडवर्ड स्टुअर्ट हे असे राजे होते. त्यांच्या अनुयायांनी त्यांना तिसरे जेम्स म्हटले, तर विरोधकांनी त्यांना ‘प्रिटेंडर’ ठरविले. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ केवळ दावेदार असा होतो. परंतु इंग्रजीत त्याला सोंग घेणाऱ्याची छटा आली. पानिपतानंतरच्या इतिहासामुळे आपल्या परिचयाचा झालेला ‘तोतया’ हा शब्द त्याच्या जवळ जातो. जेम्स हे खरे राजपुत्र की तोतया, हा वाद त्यांच्या जन्माच्या दिवशीच सुरू झाला आणि त्यांच्या चेहऱ्याच्या कोरीव चित्रांना त्यामुळेच विलक्षण महत्त्व प्राप्त झाले.

जन्म आणि अफवा

जेम्स यांचा जन्म इंग्लंडच्या तेव्हाच्या कालगणनेनुसार १० जून १६८८ रोजी लंडनच्या सेंट जेम्स राजवाड्यात झाला. पिता दुसरे जेम्स हे कॅथोलिक श्रद्धा स्वीकारलेले राजे होते, तर माता राणी मेरी या इटलीतील मोदेना येथील राजकन्या होत्या. बालपणी व्हिजिटेशन संघात व्रतस्थ होण्याची त्यांची इच्छा होती. परंतु त्यांना विवाहासाठी इंग्लंडला पाठविण्यात आले. त्यांची यापूर्वीची अपत्ये अल्पवयातच दगावली होती. त्यामुळे राजांच्या पहिल्या विवाहापासून झालेल्या, प्रोटेस्टंट पंथात वाढलेल्या मेरी आणि ॲन या कन्यांकडेच पुढे राज्य जाईल, असे प्रजेने गृहीत धरले होते. कॅथोलिक राजा चार दिवसांचा पाहुणा, असे मानून लोक स्वस्थ होते. पुत्रजन्माने हे स्वास्थ्य संपले.

लगेच एक अफवा पसरली. राणीला मूल झालेच नाही, बिछाना ऊबदार करण्यासाठी निखारे घालून फिरवतात त्या दांड्याच्या भांड्यात लपवून परके मूल आत आणले गेले, असे लोक बोलू लागले. प्रसूतीच्या वेळी दालनात व शेजारच्या खोलीत दरबारातील कितीतरी स्त्री-पुरुष हजर होते. त्यांत आपल्या मुंबईच्या इतिहासाशी निगडित असलेली एक व्यक्ती होती. ब्रागांझा घराण्याच्या पोर्तुगीज राजकन्या कॅथरीन या बाळाचे दिवंगत काका दुसरे चार्ल्स यांच्या विधवा राणी होत्या. १६६१ च्या विवाहकरारानुसार त्यांच्या आंदणात मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला मिळाले होते. ऑक्टोबर १६८८ मध्ये राजांनी आपले मंत्रिमंडळ बोलावून सुमारे ४० जणांच्या साक्षी नोंदवून घेतल्या, तेव्हा राणी कॅथरीन यांनीही साक्ष दिली. त्याच महिन्यात बाळाचा स्नानसंस्कार कॅथोलिक विधीनुसार पूर्ण झाला. पोप अकरावे इनोसंट हे धर्मपिता झाले. त्यांच्या वतीने त्यांचे राजदूत उपस्थित होते. राणी कॅथरीन धर्ममाता झाल्या.

साक्षी छापून प्रसिद्ध झाल्या. तरी अफवा थांबली नाही. ज्याला विश्वास ठेवायचा नसतो, त्याला शपथेवर दिलेली साक्षही पुरत नाही. हॉलंडमध्ये रोमेन द होख यांच्यासारख्या कुशल कोरक्यांनी या जन्माची टर उडविणारी चित्रे छापली. काही चित्रांत बाळाच्या हाती खेळण्यातली पवनचक्की दाखविली होती. हे मूल एका चक्कीवाल्याचे आहे, असा तिचा गर्भितार्थ होता. पाळण्याशेजारी राजांचे सल्लागार येशूसंघीय फादर एडवर्ड पीटर उभे केलेले असत, म्हणजे धर्मगुरूंनीच हा कट रचला असे पाहणाऱ्याला वाटावे. कुंचल्याने रंगविलेले चित्र एका भिंतीवर राहते. तांब्यावर कोरलेले चित्र मात्र शेकडो हातांत जाते. एका बालकाची बदनामी करण्यासाठी छापील चित्राचा एवढा वापर त्यापूर्वी क्वचितच झाला असेल.

पलायन

केवळ अफवेने राज्य उलथले असे म्हणणे अर्धवट ठरेल. राजे दुसरे जेम्स यांनी कॅथोलिकांना व अन्य पंथीयांना कायद्याच्या जाचातून सूट दिली. मात्र त्यासाठी संसदेला बाजूला सारले. विरोध करणाऱ्या ७ अँग्लिकन बिशपांवर त्यांनी खटला भरला. ते ३० जूनला निर्दोष सुटले आणि त्याच दिवशी ७ मातब्बर मंडळींनी राजांचे जावई, हॉलंडचे विल्यम ऑफ ऑरेंज यांना सैन्यासह येण्याचे निमंत्रण पाठविले. नोव्हेंबरच्या ५ तारखेला विल्यम इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरले. डिसेंबरच्या एका वादळी रात्री राणी मेरी सहा महिन्यांच्या बाळाला घेऊन वेष पालटून थेम्स नदी ओलांडून निसटल्या आणि फ्रान्सला पोहोचल्या. मागोमाग राजेही आले. फ्रान्सचे राजे चौदावे लुई यांनी त्यांना पॅरिसजवळील सेंट-जर्मेन-आँ-ले येथील राजवाडा राहण्यास दिला.

याच राजवाड्यात राजपुत्र वाढले. १६९२ मध्ये त्यांना लुईझा मारिया ही बहीण झाली. सेंट-जर्मेनचा दरबार पैशाने क्षीण होता, परंतु चित्राचे सामर्थ्य त्याने ओळखले होते. ज्या साधनाने बदनामी झाली, त्याच साधनाने उत्तर देण्याचे त्याने ठरविले. नामवंत चित्रकार निकोला द लार्जिलिएर यांनी राजपुत्राची चित्रे काढली आणि फ्रान्समधील अग्रगण्य कोरके जेरार एडेलिंक यांनी त्यांवरून तांब्याचे पत्रे कोरले. १६९५ मध्ये लार्जिलिएर यांनी भाऊ-बहिणीचे एकत्र चित्र रंगविले. तांबड्या वेषातील सात वर्षांचा मुलगा, शुभ्र वेषातील चिमुकली बहीण आणि शेजारी एक कुत्रा असे हे चित्र आहे. १६९९ मध्ये त्यावरून जॉन स्मिथ या लंडनच्या कोरक्याने छापील चित्र तयार केले. ज्या शहरातून या मुलाला पळावे लागले, त्याच शहरात त्याचा चेहरा छापला गेला.

या कलेचे दोन प्रकार होते. पहिल्या प्रकारात कारागीर पोलादी टोकदार हत्याराने गुळगुळीत तांब्यावर रेघ न् रेघ कोरतो, त्या रेघांत शाई भरतो आणि ओलसर कागद वर ठेवून दाबयंत्रातून काढतो. दुसऱ्या प्रकाराला मेझोटिंट म्हणतात. यात प्रथम दातेरी हत्याराने सगळा पत्रा खरबरीत करतात. असा पत्रा छापला तर कागद पूर्ण काळा उमटतो. मग जिथे उजेड हवा, तिथे तो पत्रा खरवडून व घासून गुळगुळीत करावा लागतो. म्हणजे चेहरा अंधारातून हळूहळू बाहेर काढावा लागतो. रेघांच्या पत्र्यावरून पुष्कळ प्रती निघत. मेझोटिंटच्या चांगल्या प्रती मात्र शे-दोनशेच निघत, कारण पत्रा लवकर झिजत असे. अशी चित्रे हलकी, स्वस्त आणि ग्रंथाच्या पानांत सहज लपणारी असत. त्यामुळे ती समुद्र ओलांडून इंग्लंड-स्कॉटलंडमधील निष्ठावंतांच्या घरी पोहोचत. त्यांना पाहणारा माणूस प्रामुख्याने एक गोष्ट शोधत असे. या मुलाच्या चेहऱ्यात बापाची ठेवण आहे की नाही? लांबट चेहरा, काळे डोळे, स्टुअर्ट घराण्याचे नाक पाहून ज्यांची खात्री पटे, त्यांना साक्षीदारांची गरज उरत नसे.

श्रद्धेची कसोटी

सप्टेंबर १७०१ मध्ये दुसरे जेम्स निवर्तले. मरणशय्येपाशी चौदाव्या लुईंनी १३ वर्षांच्या मुलाला राजा म्हणून मान्यता देण्याचे वचन दिले आणि ते पाळले. मात्र इंग्लंडच्या संसदेने त्याच वर्षी वारसाहक्काचा कायदा करून कॅथोलिक व्यक्तीला, तसेच कॅथोलिक व्यक्तीशी विवाह करणाऱ्यालाही सिंहासनापासून कायमचे वगळले. १७०२ मध्ये जेम्स यांना राजद्रोही ठरविण्यात आले.

१७०८ च्या मार्चमध्ये फ्रेंच आरमारासह जेम्स स्कॉटलंडकडे निघाले. निघण्यापूर्वीच त्यांना गोवर झाला होता. एडिंबरानजीकच्या खाडीपर्यंत जहाजे पोहोचली. परंतु इंग्रज आरमार दिसताच फ्रेंच नौदलप्रमुखांनी माघार घेतली. मला एका होडीतून तरी किनाऱ्यावर उतरवा, ही तरुण राजपुत्राची विनवणी त्यांनी मानली नाही. पुढे जेम्स फ्रेंच सैन्यात साधे ‘शेव्हालिए द सेंट जॉर्ज’ हे नाव घेऊन लढले आणि १७०९ मध्ये मालप्लाकेच्या घनघोर लढाईत त्यांनी शौर्य दाखविले. १७१२ मध्ये देवीच्या साथीत भाऊ-बहीण दोघेही आजारी पडले. जेम्स वाचले, पण १९ वर्षांची लुईझा गेली. या काळात आलेक्सी सिमों बेल हे दरबाराचे चित्रकार होते. त्यांच्या चित्रांवरून फ्रान्स्वा शेरो यांनी कोरलेल्या चित्रात जेम्स चिलखत घातलेले, सरदारी थाटाचे दिसतात. आजारपण आणि बहिणीचा वियोग त्या तांब्यावर उमटलेला नाही. राजचित्राचा उद्देशही तो नव्हता.

१७१३ च्या उट्रेक्ट तहानुसार फ्रान्सला जेम्स यांचा आश्रय काढून घ्यावा लागला. ते लोरेनमधील बार-ल-द्युक येथे राहू लागले. आयुष्यातील सर्वांत मोठा क्षण त्यांच्यापुढे आला तो इथे. इंग्लंडमध्ये सावत्र बहीण राणी ॲन आजारी होती व तिचे एकही अपत्य हयात नव्हते. १७१४ च्या प्रारंभी इंग्लंडच्या प्रमुख मंत्र्यांकडून सूचना आली की जेम्स यांनी कॅथोलिक श्रद्धा सोडून अँग्लिकन पंथ स्वीकारावा, निदान तसे दाखवावे, म्हणजे सिंहासनाची वाट मोकळी होईल.

तेव्हा त्यांचे वय २५ होते. त्यांच्या पणजोबांच्या पिढीत फ्रान्सचे राजे चौथे हेन्री यांनी पंथ बदलून राज्य मिळविले होते. सल्लागारांत प्रोटेस्टंट होते आणि कॅथोलिकही होते. जेम्स यांनी नकार दिला. अँग्लिकन सभेचे हक्क अबाधित राखू, प्रजेवर आपला धर्म लादणार नाही, असे वचन देण्याची त्यांची तयारी होती. मात्र इतरांना सदसद्विवेकाचे जे स्वातंत्र्य आपण देऊ करतो, ते आपल्यालाही असावे आणि श्रद्धेचे सोंग घेऊन राज्य मिळवणे म्हणजे प्रजेची फसवणूक आहे, अशी त्यांची भूमिका होती. ज्याला जग तोतया म्हणत होते, त्या माणसाने तोतयेगिरी करण्यास नकार दिला. १ ऑगस्ट १७१४ रोजी राणी ॲन वारल्या आणि जर्मनीतील हॅनोव्हरचे जॉर्ज राजे झाले. जेम्स यांना पकडून देणाऱ्यास १ लाख पौंडांचे बक्षीस जाहीर झाले.

जळालेली गावे

१७१५ च्या सप्टेंबरमध्ये स्कॉटलंडमध्ये उठाव झाला. अर्ल ऑफ मार यांनी ब्रेमार येथे निशाण उभारले. नोव्हेंबरमध्ये शेरिफम्युरची लढाई अनिर्णित राहिली आणि इंग्लंडमधील तुकडीने प्रेस्टन येथे शरणागती पत्करली. जेम्स डिसेंबरअखेर पीटरहेड येथे उतरले तेव्हा बाजी हातची गेलीच होती. थंडीतापाने ते स्वतः बेजार होते. सरकारी सैन्याला निवारा व धान्य मिळू नये म्हणून ऑक्टरार्डर, ब्लॅकफर्ड आदी गावे भर हिवाळ्यात जाळण्याचा हुकूम त्यांच्या नावाने निघाला. बर्फात उघड्यावर पडलेल्या त्या कुटुंबांचा विचार त्यांच्या मनातून गेला नाही. फेब्रुवारी १७१६ मध्ये माँट्रोझहून जहाजावर चढण्यापूर्वी त्यांनी शत्रुपक्षाचे सेनापती ड्यूक ऑफ अर्गाइल यांच्यासाठी पत्र लिहून ठेवले आणि जळालेल्या गावकऱ्यांना भरपाई देण्यासाठी पैसे मागे ठेवले. ही भरपाई पुरेशी नव्हती. ज्याच्या नावाने घर जळते, त्याच्या पश्चात्तापाने ते पुन्हा उभे राहत नाही. तरीही पळून जाणाऱ्या पराभूत राजाने ही आठवण ठेवली, याची नोंद घेतली पाहिजे.

जेम्स यांचे बालमित्र, सेंट-जर्मेनला त्यांच्यासोबत वाढलेले कॅथोलिक उमराव अर्ल ऑफ डरवेंटवॉटर यांचा त्याच महिन्यात लंडनमध्ये शिरच्छेद झाला. ते २६ वर्षांचे होते. उठावानंतर कॅथोलिकांवरील कर व निर्बंध वाढले. राजपुत्राने आपली श्रद्धा जपली, परंतु त्यांच्या दाव्याची किंमत इतर श्रद्धावंतांनाही मोजावी लागली, ही इतिहासाची दुसरी बाजू आपण नजरेआड करू नये.

रोममधील दरबार

फ्रान्सचे दार बंद झाल्यावर जेम्स प्रथम पोपमहोदयांच्या अखत्यारीतील आविन्यों येथे आणि १७१७ मध्ये इटलीत आले. पोप अकरावे क्लेमेंट यांनी त्यांना उर्बिनोचा राजवाडा आणि नंतर रोममध्ये पवित्र प्रेषितांच्या महामंदिराजवळील पालात्सो मुती ही वास्तू दिली. तिथे त्यांना राजाचा मान, पहारा आणि वर्षासन होते.

विवाहासाठी पोलंडच्या मारिया क्लेमेंटिना सोबिएस्का यांची निवड झाली. १६८३ मध्ये व्हिएन्ना वाचविणारे राजे तिसरे जॉन सोबिएस्की हे त्यांचे आजोबा होत. इंग्लंडचे राजे जॉर्ज यांच्या दबावामुळे सम्राट सहावे चार्ल्स यांनी या नववधूला इटलीच्या वाटेवर इन्सब्रुक येथे अटकेत ठेवले. एप्रिल १७१९ मध्ये आयरिश सरदार चार्ल्स वोगन व त्यांच्या साथीदारांनी एका दासीला तिच्या जागी झोपवून त्या १६ वर्षांच्या राजकन्येला बर्फवृष्टीत आल्प्स पर्वताच्या घाटातून सुखरूप सोडवून आणले. पोपमहोदयांच्या टांकसाळीतील प्रसिद्ध कारागीर ओत्तो हामेरानी यांनी या सुटकेचे पदक पाडले. सप्टेंबरमध्ये मोंतेफियास्कोने येथे विवाह झाला. ३१ डिसेंबर १७२० रोजी चार्ल्स आणि ६ मार्च १७२५ रोजी हेन्री या पुत्रांचा जन्म झाला. हेन्री यांचा स्नानसंस्कार स्वतः पोप तेरावे बेनेडिक्ट यांनी केला.

रोममधील दरबारी चित्रकार अंतोनियो दाविद यांनी राजा, राणी व मुलांची चित्रे काढली आणि पॅरिसचे पिएर-आँबेर द्रेव्हे यांनी क्लेमेंटिना यांचे चित्र कोरले. छापील चित्रांत हे आदर्श कुटुंब दिसते. प्रत्यक्षात घरात कलह होता. जेम्स यांनी थोरल्या पुत्राच्या शिक्षणासाठी जेम्स मरे या प्रोटेस्टंट सरदाराची नेमणूक केली. मुलगा केवळ धर्मगुरूंच्या हाती वाढतो आहे असे ब्रिटनमधील प्रजेला वाटू नये, हा त्यामागील हेतू होता. आईला मुलाच्या श्रद्धेची चिंता वाटली, शिवाय दरबारात आपला मान राहत नाही हे शल्य होते. नोव्हेंबर १७२५ मध्ये क्लेमेंटिना घर सोडून त्रास्तेवेरे येथील संत सिसिलियाच्या मठात गेल्या. पोपमहोदयांची सहानुभूती त्यांच्या बाजूने होती. सुमारे दोन वर्षांनी, १७२७ मध्ये, त्या परतल्या. पुढे त्यांनी कडक उपवास, प्रार्थना आणि गोरगरिबांची सेवा यांत स्वतःला झिजविले. १८ जानेवारी १७३५ रोजी त्या ३२ व्या वर्षी देवाघरी गेल्या. त्यांना राणीच्या इतमामाने संत पेत्राच्या महामंदिरात पुरण्यात आले आणि हृदय पवित्र प्रेषितांच्या महामंदिरात ठेवण्यात आले.

स्वतःच्या श्रद्धेसाठी राज्य नाकारणारा पिता मुलाच्या बाबतीत राजकारणाचा विचार करू लागला, ही विसंगती अनेकांना खटकेल. परंतु जेम्स यांच्या दरबारात अँग्लिकन सेवकांना पोपमहोदयांच्या संमतीने त्यांच्या पद्धतीने उपासना करण्याची मुभा होती, हेही सांगितले पाहिजे. आपली श्रद्धा न सोडता दुसऱ्याच्या श्रद्धेला घरात जागा देणे त्या काळात फार थोड्या राजांना जमले.

आणखी एका कार्याची आठवण आपण श्रद्धावंतांनी ठेवावी. आयर्लंडमधील कॅथोलिक बिशपपदासाठी नावे सुचविण्याचा राजाचा अधिकार परमपीठाने जेम्स यांना दिला होता. तो त्यांनी अखेरपर्यंत वापरला. ज्या देशात ते कधी पाऊल ठेवू शकले नाहीत, तेथील छळ सोसणाऱ्या ख्रिस्तसभेला मेंढपाळ मिळावेत म्हणून रोममधील त्यांच्या मेजावरून शिफारसपत्रे जात राहिली. मात्र याच अधिकारामुळे प्रत्येक आयरिश बिशप परक्या राजाचा हस्तक आहे, असा संशय घेण्यास ब्रिटिश सरकारला निमित्तही मिळाले.

दोन पुत्र, दोन वाटा

जानेवारी १७४४ मध्ये थोरले पुत्र चार्ल्स रोमहून फ्रान्सला निघाले. त्यानंतर पिता-पुत्रांची भेट कधीच झाली नाही. १७४५ मध्ये चार्ल्स मूठभर साथीदारांसह स्कॉटलंडमध्ये उतरले आणि काही आठवड्यांतच एडिंबरा शहर त्यांच्या ताब्यात आले. तिथे रॉबर्ट स्ट्रेंज या तरुण कोरक्याने त्यांचे चित्र तांब्यावर कोरले आणि पुढे राजपुत्राच्या सैन्यासाठी चलनी कागदाचा पत्राही करायला घेतला. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर सर्व संपले. ३० हजार पौंडांचे बक्षीस डोक्यावर असूनही चार्ल्स यांना गरीब डोंगरी लोकांनी पाच महिने लपविले, एकानेही दगा दिला नाही. सैनिकांनी ग्लेनलिव्हेट खोऱ्यातील स्कालन हे चिमुकले गुप्त सेमिनरीगृह मात्र जाळून टाकले.

जुलै १७४७ मध्ये पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी धाकटे पुत्र हेन्री यांना कार्डिनल केले. जेम्स यांची त्यास संमती होती. चार्ल्स यांना यात आपल्या दाव्याचा घात दिसला, कारण कार्डिनलांच्या भावाला प्रोटेस्टंट प्रजा कधी स्वीकारणार? त्यांनी पित्याशी संबंध जवळजवळ तोडले. १७५० मध्ये गुप्तपणे लंडनला जाऊन त्यांनी अँग्लिकन पंथ स्वीकारला. पित्याने जे देण्यास नकार दिला होता, ते पुत्राने देऊन पाहिले. तरीही मुकुट मिळाला नाही. पुढे ते कॅथोलिक श्रद्धेकडे परतले, परंतु मद्याने व निराशेने त्यांचे जीवन पोखरले होते.

वृद्ध जेम्स यांची अखेरची वर्षे अंथरुणावर गेली. स्ट्रेंज यांचे मेहुणे अँड्र्यू लमिसडेन हे तेव्हा त्यांचे चिटणीस होते. पुत्राने परत यावे म्हणून पत्रे जात राहिली. चार्ल्स निघाले तेव्हा उशीर झाला होता. १ जानेवारी १७६६ रोजी, ७७ व्या वर्षी जेम्स यांनी देह ठेवला. आयुष्यभर जो मुकुट मिळाला नाही, तो पवित्र प्रेषितांच्या महामंदिरात दर्शनासाठी ठेवलेल्या त्यांच्या मृतदेहाच्या मस्तकावर ठेवण्यात आला. संत पेत्राच्या महामंदिरात त्यांचे दफन झाले. पोप तेरावे क्लेमेंट यांनी चार्ल्स यांना राजा म्हणून मान्यता दिली नाही. त्यामुळे आयरिश बिशपांच्या नेमणुकांतून स्टुअर्ट घराणे दूर झाले आणि १७७८ पासून ब्रिटनमधील कॅथोलिकांवरील जाचक कायदे टप्प्याटप्प्याने सैल होऊ लागले.

चार्ल्स १७८८ मध्ये वारले. फ्रास्कातीचे बिशप असलेले कार्डिनल हेन्री हे घराण्यातील शेवटचे वंशज उरले. फ्रेंच सैन्याने इटलीवर स्वारी केली तेव्हा पोप सहावे पायस यांच्यावर लादलेली खंडणी भरण्यासाठी त्यांनी घराण्याची रत्ने विकली आणि म्हातारपणी स्वतः निर्वासित झाले. अशा वेळी ज्यांच्या घराण्याने स्टुअर्टांचे राज्य घेतले होते, त्या राजे तिसरे जॉर्ज यांनी त्यांना वर्षाला ४ हजार पौंड देऊ केले आणि कार्डिनलांनी कृतज्ञतेने ते स्वीकारले. शंभर वर्षांचे वैर असे एका वृद्ध धर्मगुरूच्या गरजेपाशी शमले. १३ जुलै १८०७ रोजी ते निवर्तले. रॉबर्ट स्ट्रेंज यांनाही याच तिसऱ्या जॉर्जनी १७८७ मध्ये ‘सर’ ही पदवी दिली होती.

कोणाची प्रतिमा?

संत पेत्राच्या महामंदिरात डाव्या बाजूला शिल्पकार आंतोनियो कानोव्हा यांनी १८१९ मध्ये पूर्ण केलेले स्टुअर्ट घराण्याचे स्मारक आहे. त्याच्या खर्चात ब्रिटिश राजघराण्यानेही वाटा उचलला. बंद दारापाशी दोन देवदूत मशाली खाली धरून उभे आहेत आणि वर पिता व दोन पुत्रांचे चेहरे नाण्यावर असतात तसे बाजूने कोरलेले आहेत. समोर क्लेमेंटिना यांचे स्मारक आहे. घर सोडून गेलेली पत्नी, दूर गेलेला पुत्र आणि कार्डिनल झालेला पुत्र हे सारे शेवटी एका छताखाली आले आहेत.

जेम्स हे संत नव्हते. त्यांचे निर्णय अनेकदा चुकले, संसार सुखाचा झाला नाही, त्यांच्या नावाने निरपराधांची घरे जळाली. परंतु एका प्रश्नावर ते ढळले नाहीत आणि त्या नकाराची किंमत त्यांनी पुढील ५२ वर्षे, रोज, परक्या भूमीवर मोजली. नोकरी, बढती, विवाह किंवा निवडणूक यांसाठी श्रद्धा थोडी बाजूला ठेवण्याचे प्रसंग आपल्याही कुटुंबांत येतात. तेव्हा आपल्यापुढे तीन राज्ये नसतात, त्याहून पुष्कळ लहान काही असते.

कैसराच्या नाण्याच्या प्रसंगी प्रभू येशूने मुखवटा कोणाचा ते विचारले होते. ज्याचे चित्र नाण्यावर, त्याला ते नाणे द्यावे. आणि मनुष्यावर तर देवाची प्रतिमा आहे. जेम्स यांचा चेहरा तांब्यावर कोरून लोक तो लपवून जपत राहिले. काळाच्या ओघात ते पत्रे झिजले, कागद पिवळे पडले. ज्या प्रतिमेसाठी त्यांनी मुकुट नाकारला, ती स्नानसंस्काराच्या दिवशी त्यांच्या आत्म्यावर उमटली होती. आपल्या प्रत्येकावरही ती उमटली आहे. ती झिजू न देण्याची कृपा आपल्याला लाभो, आणि आज ज्यांना श्रद्धेपायी वा युद्धापायी आपले घर व देश सोडावा लागत आहे, त्या निर्वासितांना आपल्या प्रार्थनेत स्थान असो.